खाडीच्या अलीकडे अंधार, पलीकडे उजेड : वीज वाहण्याच्या गणिताचा इतिहास

(वसई येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय नावावरून रुक्ष वाटेल. ‘ऑप्टिमल पॉवर फ्लो’, म्हणजे विजेच्या जाळ्यात कुठून किती वीज घ्यायची, की खर्च कमीत कमी होईल आणि एकही तार तिच्या ताकदीबाहेर तापणार नाही, याचं गणित. पण सुरुवात गणिताने करत नाही. आपल्या सगळ्यांच्या आठवणीतल्या एका दृश्याने करतो.

२००५ नंतरची काही वर्षं आठवा. राज्यात विजेचा मोठा तुटवडा होता. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि त्याच्या हिशोबाने आपण पिठाची गिरणी, सोसायटीचा पंप, मुलांचा अभ्यास, सगळं बसवायचो. संध्याकाळी नायगावला खाडीच्या काठावर उभं राहिलं, की अलीकडे काळोख, मधे पाणजू बेट, आणि पलीकडे भाईंदर झगझगीत. खाडीच्या अलीकडे महावितरण, पलीकडे तेव्हाची रिलायन्स एनर्जी. परवाना वेगळा म्हणून नशीबही वेगळं. यातली जास्त बोचणारी गोष्ट अशी, की त्या पलीकडच्या उजेडातली बरीच वीज आपल्या उत्तरेला, डहाणूच्या औष्णिक केंद्रात तयार होत होती. २५० मेगावॅटचे दोन संच, एकूण ५०० मेगावॅट.

तेव्हा लोक विचारायचे, “डहाणूची वीज आपल्या बाजूने मुंबईला जाते, मग वाटेत आपल्याला का नाही मिळत?” प्रश्न साधा आहे, पण त्याच्या पोटात तीन प्रश्न आहेत. वीज नेमकी कुठल्या वाटेने जाते? ‘कमीत कमी खर्च’ म्हणजे कोणाचा खर्च? आणि मर्यादा कोण ठरवतो? गेल्या शंभर वर्षांचा या गणिताचा इतिहास म्हणजे या तीन प्रश्नांचा इतिहास आहे. आज तो मुंबई आणि आपल्या पट्ट्याच्या निमित्ताने सांगतो.

पाण्याचा पाट आणि विजेची तार

आपल्याकडच्या वाड्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना बावखलाचं पाणी माहीत आहे. रहाटाने पाणी वर काढायचं आणि पाटाने केळीत सोडायचं. एका वाफ्याचं तोंड मातीने बंद केलं, दुसऱ्याचं उघडलं, की पाणी आपण म्हणू तिकडे जातं.

वीज अशी नाही. जाळ्यात एका टोकाला वीज घातली आणि दुसऱ्या टोकाला काढली, तर ती मधल्या सगळ्या वाटांनी एकाच वेळी जाते. ज्या वाटेचा अडथळा कमी तिथून जास्त, जास्त अडथळा तिथून कमी. हा नियम किर्शहॉफ या जर्मन शास्त्रज्ञाने १८४५ मध्ये मांडला. करार कागदावर डहाणू ते मुंबई असतो, प्रवाह मात्र जाळ्यातल्या सगळ्या तारांमध्ये वाटला जातो. साध्या प्रत्यावर्ती विजेच्या तारेला ‘तू एवढीच ने’ असं सांगता येत नाही. आपल्या हातात एकच गोष्ट असते : कुठल्या केंद्रातून किती वीज घालायची.

खोपोली, भिवपुरी, भिरा

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. टाटांची जलविद्युत कंपनी १९१० साली स्थापन झाली. लोणावळ्याच्या धरणांचं पाणी घाटाखाली खोपोलीला पाडून वीज केली आणि १९१५ मध्ये ती सुमारे ७० किलोमीटरवर परळला आणली. गिरण्या कोळशावरून विजेवर येऊ लागल्या. एक केंद्र, एक दिशा, एक मोठं गिऱ्हाईक. गणित कसलं करणार?

मग १९२२ मध्ये भिवपुरी आलं, १९२७ मध्ये भिरा. मागणीही वाढली. ५ जानेवारी १९२८ ला बोरिवलीपर्यंत विजेची लोकल सुरू झाली आणि १९३६ मध्ये ती विरारला पोचली. आपल्या भागाचं पुढे जे झालं, त्याची सुरुवात तिथे आहे. आता तीन केंद्रं, तीन तलाव, तीन वेगळे पाणीसाठे. आज कुठून किती घ्यायची? हा खरा ‘ऑप्टिमायझेशन’चा पहिला प्रश्न.

पण थांबा. भिऱ्याला पाणी कुठून आलं? मुळशीहून. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. जमिनी गेल्या, धरण झालं. भिऱ्याच्या युनिटाची किंमत काढताना यंत्रं, तारा, पगार सगळं धरलं जातं. बुडालेल्या भातखाचरांचा वर्षानुवर्षांचा हिशोब त्यात नाही. मी हे भावनेच्या भरात सांगत नाही, गणिताचा भाग म्हणून सांगतोय. कुठल्याही ऑप्टिमायझेशनमध्ये दोन कप्पे असतात : एकात ‘खर्च’, दुसऱ्यात ‘मर्यादा’. जी गोष्ट दोन्ही कप्प्यांत नाही, ती गणिताला दिसतच नाही. गणित खोटं बोलत नाही, पण न विचारलेल्याचं उत्तरही देत नाही.

पुढच्या युनिटाचा खर्च

१९३०च्या दशकात इंजिनिअर मंडळींच्या हाती एक सुंदर नियम आला. कोळशाची दोन केंद्रं आहेत. कुठलं जास्त चालवायचं? सरासरी खर्च बघू नका, पुढचं एक युनिट तयार करायला किती लागेल ते बघा. एका ठिकाणी पुढचं युनिट स्वस्त असेल तर तिकडे वाढवा, दुसरीकडे कमी करा. वाढवता वाढवता तिथला पुढच्या युनिटाचा खर्च चढत जातो. दोन्हीकडे तो सारखा झाला की थांबा. यापेक्षा स्वस्त वाटणी नाही.

१९५६ मध्ये ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र सुरू झालं आणि मुंबईसमोर पाणी आणि इंधन एकत्र चालवण्याचा प्रश्न आला. साठच्या दशकात कोयना आली. पाणी फुकट आहे, मग आधी पाणीच वापरा, असं कोणालाही वाटेल. पण पाणी फुकट असलं तरी मोजकं आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाच्या निवाड्याने कोयनेचं वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला सोडायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधलेलं आहे. ते जानेवारीत उधळलं तर मे महिन्याच्या संध्याकाळी, सगळे पंखे आणि एसी चालू असताना, काय करणार? म्हणून गणित त्या फुकट पाण्यालाही किंमत लावतं. आज वापरलेलं पाणी उद्या जेवढी महाग वीज वाचवू शकलं असतं, तेवढी त्याची आजची किंमत. हिला ‘शॅडो प्राइस’ म्हणतात, आपण छाया-किंमत म्हणू. बाजारात ती कुठे दिसत नाही, पण मर्यादा घट्ट असली की तिची सावली पडतेच.

बघा, मुळशीत जमीन कुठल्याच कप्प्यात नव्हती. कोयनेत पूर्वेकडच्या शेतकऱ्याच्या पाण्याचा हक्क ‘मर्यादा’ म्हणून कप्प्यात आला. तो गणितज्ञाने आणला नाही, लवादाने आणला.

कार्पांतिए आणि तीन गावांचं कोडं

आतापर्यंतच्या नियमात एक मोठी उणीव होती. तारांचा विचार जवळजवळ नव्हता. प्रवाह कुठून किती जाईल हे काढायला सुरुवातीला जाळ्याची छोटी विद्युत प्रतिकृती बांधत, खोलीभर पसरलेला बोर्ड, आणि त्यावर मोजमाप घेत. १९५६ मध्ये वॉर्ड आणि हेल यांनी हे काम डिजिटल संगणकावर करून दाखवलं. आणि १९६२ मध्ये फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीतल्या जॅक कार्पांतिए यांनी दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. खर्च कमीत कमी करायचा, आणि त्याच वेळी किर्शहॉफचे नियम, प्रत्येक तारेची ताकद, प्रत्येक ठिकाणचा व्होल्टेज, हे सगळं पाळायचं. ‘ऑप्टिमल पॉवर फ्लो’चा जन्म हा. १९६८ मध्ये अमेरिकेत डॉमेल आणि टिनी यांनी ते सोडवण्याची व्यवहार्य रीत दिली.

यात विशेष काय, ते एका कोड्याने दाखवतो. कागद असेल तर काढा. क, ख, ग अशी तीन गावं, त्रिकोणात, तीन सारख्या तारांनी जोडलेली. क गावात स्वस्त केंद्र, २ रुपये युनिट. ख गावात महाग, ५ रुपये. ग गावाला ३६० मेगावॅट हवेत. सरळ विचार केला तर सगळी वीज क मधून घ्या. पण क कडून ग ला जाणारी वीज दोन वाटांनी जाते : दोन तृतीयांश थेट, एक तृतीयांश ख मार्गे, कारण ती वाट दुप्पट लांब. म्हणजे थेट तारेवर २४० मेगावॅट. आणि तिची ताकद समजा २०० च आहे. तार तापणार, तुटणार.

मग क मधून २४० आणि ख मधून १२० घ्यावे लागतात. करून बघा : २४० चे दोन तृतीयांश १६०, आणि ख च्या १२० मधले एक तृतीयांश, ४०, फेरा मारून त्याच तारेवर येतात. एकूण बरोबर २००.

आता गंमत. ग गावाने आणखी फक्त एक मेगावॅट मागितला तर? तार भरलेली आहे. ख मधून एक वाढवला तरी त्याचा तिसरा हिस्सा त्याच तारेवर येतो. म्हणून ख मध्ये दोन वाढवायचे आणि क मध्ये एक कमी करायचा. खर्च : दहा वजा दोन, म्हणजे आठ. सगळ्यात महाग केंद्र ५ रुपयांचं, पण ग गावातल्या पुढच्या युनिटाची खरी किंमत ८ रुपये! आणि त्या तारेची ताकद एका मेगावॅटने वाढवली तर क मध्ये तीन वाढतात, ख मध्ये तीन कमी होतात. दर युनिटामागे नऊ रुपये वाचतात. हे कोणाच्या नफेखोरीने नाही, तीन तारांच्या भूमितीने झालं. घट्ट झालेली एक तार अख्ख्या जाळ्याचा भाव बदलते. कार्पांतिएच्या समीकरणांनी ही छाया-किंमत पहिल्यांदा पद्धतशीर मोजता येऊ लागली.

‘एक गेली तर?’

९ नोव्हेंबर १९६५ ला अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात सुमारे तीन कोटी लोक अंधारात गेले. एका लाइनवरचं संरक्षण उपकरण चालून ती बंद पडली, तिचा भार शेजारच्या लाइनींवर गेला, त्या पडल्या, आणि पत्त्यांचा बंगला कोसळला. तिथून विचार बदलला. आजची स्थिती सुरक्षित आहे एवढं पुरत नाही. ‘आत्ता एक तार किंवा एक संच अचानक गेला, तर उरलेलं जाळं टिकेल का?’ हेही मर्यादांच्या कप्प्यात घालायचं. इंजिनिअर याला ‘एन वजा एक’ म्हणतात. १९७४ मध्ये अल्साच आणि स्टॉट यांनी ते ऑप्टिमल पॉवर फ्लोमध्ये बसवलं. पण अडचण अशी, की हजार तारा असतील तर हजार ‘गेली तर’ तपासायला हव्यात. गणित अवाढव्य झालं. वेग हवा होता.

बुरुजावरून की किल्ल्याच्या आतून

इथे आपल्या माणसाचं नाव येतं. नरेंद्र करमरकर. जन्म ग्वाल्हेरचा, शिक्षण आयआयटी मुंबईत, तेही इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं, १९७८ सालचे पदवीधर. पुढे अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये असताना, १९८४ मध्ये, त्यांनी ‘लिनिअर प्रोग्रॅमिंग’ सोडवण्याची नवी रीत दिली.

आधीची रीत जॉर्ज डँटझिग यांची, १९४७ ची सिम्प्लेक्स. फरक समजायला आपला वसईचा किल्ला डोळ्यांसमोर आणा. समजा सगळ्या मर्यादा म्हणजे किल्ल्याचा तट, आणि सर्वांत स्वस्त उत्तर कुठल्या तरी एका बुरुजावर आहे. सिम्प्लेक्स काय करते? तटावरूनच चालते. एका बुरुजावरून शेजारच्या बुरुजावर, जिथे खर्च कमी होतो तिकडे. दहा बुरुज असतील तर छानच. पण लाखो बुरुजांचा किल्ला असेल तर सगळा तट पालथा घालायची वेळ येऊ शकते. करमरकरांनी सांगितलं, तटावर चढूच नका. किल्ल्याच्या आतून चला. तटाला न धडकता, दर पावलाला मोकळ्या जागेत राहून, त्या बुरुजाकडे सरका. बुरुज कितीही असले तरी पावलं आटोक्यात राहतात, हे त्यांनी सिद्ध केलं.

तटाच्या आतून जाण्याच्या कल्पनेचे धागे आधीही होते, १९६०च्या दशकात अमेरिकेत आणि रशियात तसं काम झालं होतं. ही रीत पेटंट झाली त्यावरही खूप वाद झाला. गणिताचं पेटंट कसं घ्यायचं, असा. पण करमरकरांच्या लेखानंतर या वाटेवर गर्दी झाली एवढं खरं. १९९०च्या दशकात ‘इंटिरिअर पॉइंट’ रीती वाकड्या, अरेखीय प्रश्नांसाठी तयार झाल्या आणि ऑप्टिमल पॉवर फ्लोच्या मुख्य रीतींपैकी एक होऊन बसल्या.

दोन तारा, दोन वेळा

मग एवढं गणित असताना अंधार का होतो? दोन प्रसंग सांगतो.

३० जुलै २०१२, पहाट व्हायच्या आधीच उत्तर भारताचं जाळं कोसळलं. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही. साठ कोटींच्या आसपास लोकवस्तीचा प्रदेश. सुरुवात कुठे झाली? बीना–ग्वाल्हेर ४०० केव्ही लाइनवर. त्या मार्गाचं एक सर्किट कामासाठी बंद होतं, दुसऱ्यावर भार चढला होता. योगायोग बघा, करमरकरांचं ग्वाल्हेर. पश्चिमेचं जाळं, म्हणजे आपलं, त्या दोन्ही दिवशी तरलं.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास. कोविडचे दिवस, लोकल फक्त अत्यावश्यक सेवेसाठी. मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात. लोकल जागच्या जागी थांबल्या, परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, रुग्णालयं जनरेटरवर. पडघा–कळवा ४०० केव्ही मार्गाचं एक सर्किट दुरुस्तीसाठी बंद, सगळा भार दुसऱ्यावर, आणि दुसऱ्यात बिघाड. तीच गोष्ट. अशा वेळी मुंबईला जाळ्यापासून तोडून स्वतःच्या केंद्रांवर, ट्रॉम्बे आणि डहाणू, तगवायची व्यवस्था १९८१ पासून होती. जगात तिचं कौतुक व्हायचं. त्या दिवशी ती टिकली नाही.

का, यावर चौकशा झाल्या. मला त्यातला गणिताचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. बाहेरची वीज स्वस्त, शहरातली महाग, म्हणून बाहेरून जास्त आणायची. पुढच्या युनिटाच्या खर्चाच्या नियमाने हे बरोबरच. पण ‘एक गेली तर’ ही मर्यादा जेव्हा एक आधीच गेलेली असते तेव्हाही पुन्हा नव्याने लिहावी लागते. ती लिहिली की शहरातली महाग वीज महाग राहत नाही, तो विमा होतो. त्यानंतर खारघर–विक्रोळी ही ४०० केव्ही लाइन २०२३ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे कित्येक वर्षं जी छाया-किंमत कागदावर होती, ती शेवटी पोलाद आणि तारांनी चुकती केली.

मर्यादा कोण लिहितं?

आता परत डहाणूला येऊ. १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. चिकूच्या वाड्या, समुद्र, जंगल. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून तिथे एक प्राधिकरण नेमलं गेलं, अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. त्या प्राधिकरणाच्या आग्रहातून केंद्रावर धुरातला गंधकाचा वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसली, २००७ मध्ये. त्याने युनिट महाग झालं का? हो, थोडं झालंच. पण मुळशीच्या जमिनीचं जे झालं नाही ते डहाणूच्या हवेचं झालं. ती गणिताच्या कप्प्यात आली, कारण लोकांनी आणि न्यायालयाने ती तिथे ठेवली.

आणि हद्दीचा प्रश्न? २००५ साली नायगावात अंधार होता, कारण प्रत्येक कंपनी आपापल्या हद्दीत आपापला खर्च कमीत कमी करत होती. दोन वेगळी गणितं, दोन वेगळे उजेड. हद्द मोठी केली की उत्तर बदलतं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर लाइनने दक्षिण भारत उरलेल्या देशाशी जोडला गेला आणि देशभर एकच जाळं झालं. १ एप्रिल २०१९ पासून आंतरराज्य औष्णिक केंद्रांसाठी देशपातळीवर, मर्यादा सांभाळून सर्वांत स्वस्त वाटणी काढणारं ऑप्टिमायझेशन सुरू झालं. कार्पांतिएचं बीज आपल्याकडे असं उगवलं.

शेवटची गोष्ट आपल्या दाराशीच आहे. वाडा तालुक्यातल्या कुडूसपासून मुंबईत आरेपर्यंत एक हजार मेगावॅटची एचव्हीडीसी लाइन हाती घेतली गेली. एकदिश विजेच्या अशा लाइनीवर मात्र सांगता येतं, ‘तू एवढीच ने’. म्हणजे शंभर वर्षांनी विजेला पाटासारखं तोंड मिळालं. पण तिच्या वाटेत खाडीकाठची तिवरं आली आणि प्रश्न उच्च न्यायालयात गेला. तिवरं ‘खर्च’ की ‘मर्यादा’? संगणक हे ठरवत नाही. ते आपण ठरवतो, किंवा आपण गप्प बसलो तर आपल्या वतीने दुसरं कोणी ठरवतं.

म्हणून मंडळी, वीज नियामक आयोगाची जनसुनावणी असली की ती फक्त इंजिनिअरांची सभा आहे असं समजू नका. समीकरणं इंजिनिअर सोडवतील. पण त्यातल्या ओळी तिथे लिहिल्या जातात.

(व्याख्यानानंतर श्रोत्यांतून एक प्रश्न आला : “सर, देशभर एक जाळं झालं म्हणता, मग पावसाच्या पहिल्या सरीला आमच्या गल्लीतली लाइट का जाते?”)

ताई, प्रश्न अगदी रास्त आहे. मी आज बोललो ते मोठ्या जाळ्याबद्दल, जिथे एका ठिकाणी पोचायला अनेक वाटा असतात. उपकेंद्रापासून तुमच्या गल्लीपर्यंत बहुतेक वेळा एकच वाट असते, झाडाच्या फांदीसारखी. फांदी मोडली की पुढची पानं गेली. तिथे निवडायला दुसरी वाटच नसेल तर ऑप्टिमायझेशन काय करणार? ‘एन वजा एक’ पडघ्यापर्यंत पोचलंय, तुमच्या गल्लीपर्यंत अजून पोचायचंय. ते पोचवायला दुसरी तार लागेल, आणि ती मागावी लागेल.